६२ च्या वेगाला बारसं

श्रीवर्धनला मामाच्या वाडीत शिरलं की तो पुढे चालतो आणि चालता चालता झाडं दाखवत जातो, आणि प्रत्येक झाडापाशी एकच माहिती देतो. ही निसर्गच्या आधीची. ही निसर्गनंतरची. निसर्ग म्हणजे ३ जून २०२० चं चक्रीवादळ, पण तिथे कुणाला तारीख सांगावी लागत नाही. दिवेआगर, हरिहरेश्वर, म्हसळा, मुरूड, कुठेही चहाला बसा, अर्ध्या तासात कुणीतरी म्हणतंच की निसर्गात आमचे पत्रे उडाले, किंवा निसर्गच्या वर्षी थोरलीचं लग्न पुढे ढकललं. मला शाळेपासून निसर्ग म्हणजे निबंधाचा विषय, डोंगर, नदी, मावळता सूर्य, शेवटी दोन ओळी कवितेच्या. हाच शब्द कुणी असा खालच्या आवाजात म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी आणि आई माहीमच्या घरात होतो. लॉकडाऊन होताच. आदल्या रात्री आम्ही खिडक्यांच्या काचांवर ब्राउन टेपच्या फुल्या मारल्या, बाल्कनीतल्या कुंड्या आत घेतल्या, पाणी भरून ठेवलं, मोबाईल चार्ज केले. बीकेसीतल्या कोविड सेंटरमधल्या पेशंटना दुसरीकडे हलवल्याची बातमी आली तेव्हा खरी धडकी भरली. सकाळपासून टीव्हीवर नकाशा, नकाशावर ते पांढरं भिरभिरं, आणि त्याचा बाण सरळ आमच्याकडे. मग साडेअकरा-बाराच्या सुमारास तो बाण थोडा खाली सरकला, अलिबागच्याही दक्षिणेला, आणि दुपारी एकच्या पुढे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वारा. आमच्याकडे पाऊस झाला, वारा झाला, समोरच्या गल्लीतलं गुलमोहराचं झाड एका गाडीवर पडलं. संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं, मुंबई वाचली. मीसुद्धा ते फॉरवर्ड केलं. आई मात्र फोन घेऊन बसली होती, मामाचा नंबर लावायची, बंद, परत लावायची, बंद.

चार दिवस लागला नाही. पाचव्या दिवशी मामानेच कुणाच्या तरी फोनवरून केला, बहुतेक टेकडीवर चढून, कारण मागे वारा ऐकू येत होता. आईने विचारलं, "बरे आहात ना रे सगळे?" तो म्हणाला, "घर आहे. वाडी नाही." एवढंच बोलला आणि मग बराच वेळ दोघं नुसतीच फोन धरून होती.

ज्यांनी सुपारीची वाडी पाहिली नाहीये त्यांच्यासाठी सांगते. पोफळ हे फार बारीक झाड, एका हाताच्या कवेत येतं, पण उंच जातं, आणि एकमेकांच्या आधाराने दाटीत उभं असतं, खाली सावली, ओल, पाटाचं पाणी. मी पुढे गेले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता आणि तरीही अर्धी खोडं तशीच पडलेली होती, एकावर एक, काडेपेटी उलटी केल्यासारखी. काही मुळापासून गेली होती, काही कमरेतून मोडली होती आणि तुटलेल्या तोंडाशी खोडाचे धागे झाडूसारखे बाहेर आले होते. मामीने कोवळ्या सुपाऱ्या वेचून ओसरीवर सुपात ठेवल्या होत्या, त्यांचा काही उपयोग नव्हता, पण टाकवत नव्हत्या म्हणाली. पोफळ लावलं की फळ धरायला सहा-सात वर्षं, नारळाचंही तसंच. मामा तेव्हा साठीच्या पुढचा. रोपं लावताना तो वर्षं मोजत होता ते मला दिसत होतं.

परतीच्या एसटीत मी पहिल्यांदा शोधायला घेतलं की हे नाव ठेवलं कुणी. राग होता थोडा. आमच्या शब्दाला हात कुणी लावला असा.

तर नाव बांगलादेशने सुचवलेलं. बंगालीतही निसर्ग म्हणजे निसर्गच. आणि ते ठेवलं गेलं दिल्लीच्या हवामान विभागाकडून, कारण उत्तर हिंदी महासागरात, म्हणजे अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्हीकडे, वादळाचं बारसं करायचं काम त्यांच्याकडे आहे. यादी आधीच तयार असते. पुढचं वादळ आलं की यादीतलं पुढचं नाव. त्यात कुणी त्या वादळाकडे बघून नाव निवडत नाही, हे कळल्यावर राग बराच उतरला. रांगेत पहिलं उभं होतं ते निसर्ग, आणि ज्याचा नंबर लागला ते आमच्या मामाच्या दारात आलेलं वादळ.

पण नाव मिळायला एक अट आहे आणि ती मला अजून अस्वस्थ करते. समुद्रावर हवेचा दाब कमी झाला की आधी नुसतं कमी दाबाचं क्षेत्र म्हणतात. वारा ताशी ३१ किलोमीटर झाला की डिप्रेशन, ५० झाला की डीप डिप्रेशन, आणि ६२ झाला की चक्रीवादळ. नाव मिळतं ते इथे, ६२ ला. ६१ पर्यंत ते बिननावाचं. पुढे ८९ ला तीव्र चक्रीवादळ, ११८ ला अतितीव्र, साधारण १६६ च्या पुढे अत्यंत तीव्र, आणि २२० च्या वर गेलं की सुपर सायक्लोन, आपल्या पेपरांच्या भाषेत महाचक्रीवादळ. नाव मिळाल्यानंतरच्या या शिडीवर निसर्ग खालून दुसऱ्याच पायरीवर होतं, फक्त 'तीव्र'. मामाला मी हे एकदा सांगितलं तर तो काही बोलला नाही, पायाने जमिनीवरचं एक झावळ बाजूला केलं आणि पुढे गेला. मला नंतर वाटलं की सांगायला नको होतं.

हे ६२ कुठून आलं? ते मुळात ३४ नॉट आहे, नॉट म्हणजे जहाजवाल्यांचं वेगाचं माप, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या आरमारातल्या ब्यूफर्ट नावाच्या अधिकाऱ्याने वाऱ्याचे शून्य ते बारा असे नंबर पाडले, वाऱ्यात जहाजाने किती शिडं उभारायची त्यावरून. त्यात ३४ नॉटला आठवा नंबर, गेल, म्हणजे जोराचं वादळी वारं. आणि बारावा नंबर ६४ नॉट, ज्याच्यापुढे कुठलंच शीड टिकणार नाही. अमेरिकेकडे जे हरिकेन म्हणतात त्याची सुरुवात बरोबर या ६४ नॉटला होते आणि नाव मात्र तिथेही ३४ लाच मिळतं. म्हणजे आजही आपण टीव्हीवर जी पायरी ऐकतो ती शिडाच्या कापडावरून ठरलेली आहे. समुद्रावरच्या माणसासाठी ती अगदी बरोबर आहे. पोफळीसाठी आणि मिठी नदीच्या काठच्या झोपडीसाठी ती कुणी मोजलेली नाही.

हरिकेन, टायफून, सायक्लोन हे तिन्ही एकच, फक्त समुद्र वेगळा, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तुलना करताना गोंधळ होतो तो वेगळ्याच गोष्टीवरून. अमेरिकेत एका मिनिटाच्या वाऱ्याची सरासरी धरतात, आपल्याकडे तीन मिनिटांची. मिनिटं वाढली की सरासरी खाली येते, त्यामुळे तेच वादळ त्यांच्या आकड्यात थोडं मोठं दिसतं. तिकडची एक ते पाच कॅटेगरी हर्बर्ट सॅफिर नावाच्या इंजिनिअरने आणि रॉबर्ट सिम्प्सन नावाच्या हवामानतज्ज्ञाने मिळून आणली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि त्यात निदान घरांचा विचार आहे, कुठल्या वेगाला छप्पर जाईल, कुठल्या वेगाला भिंत. आपल्या व्हॉट्सअॅपवर 'कॅटेगरी ४' वगैरे येतं ते त्या पट्टीवरचं असतं, आपल्या नाही. आणि अजून एक, वारा दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ६० वरून १२० म्हणजे झाडाच्या शेंड्यावर चारपट जोर. हे कळल्यापासून मी आकडा ऐकला की आधी मनात त्याचा वर्ग करते.

आणि हा आकडा तरी मोजतं कोण? भर समुद्रात वादळाच्या पोटात कुणी यंत्र घेऊन उभं नसतं. आपल्याकडे बहुतेक वेळा उपग्रहाचं चित्र बघून ठरवतात, ढगांचे पट्टे किती घट्ट वळले आहेत, मध्ये डोळा दिसतोय का, किती गोल आहे. ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन माणसाने ही पद्धत १९७० च्या दशकात बसवली. म्हणजे एका ढगाच्या वळणावरून माणूस ठरवतो की हे आता ६२ झालं. या कामाबद्दल मला फार आदर आहे. रात्रभर दर तीन तासांनी ते लोक चित्र बघतात आणि लिहितात आणि त्यांच्या लिहिण्यावर होड्या परत फिरतात.

त्या वळणावरूनच सायक्लोन हा शब्द आला, आणि तोही आपल्याच बाजूला जन्मला, कलकत्त्यात. हेन्री पिडिंग्टन नावाचा इंग्रज तिथे होता, वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून वाऱ्याच्या दिशा जुळवायचा, आणि त्याच्या लक्षात आलं की वारा गोल फिरतो. १८४० च्या दशकात त्याने ग्रीकमधून शब्द उचलला, सापाचं वेटोळं अशा अर्थाचा. मला हे वाचून आजी आठवली. कोकणात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात. आजी कंदील घेऊन मागच्या दारी जाताना म्हणायची, लांबडं असेल, पाय बघून टाक. नाव घेतलं की ते येतं असं मानणाऱ्या लोकांच्या किनाऱ्यावर नाव घेऊन येणारं हे वेटोळं, कागदोपत्री नाव, आधीच छापून ठेवलेलं.

पूर्वी वादळाला नाव नसायचं, गाव असायचं नाहीतर साल असायचं. १९७० च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन ते पाच लाख माणसं गेली, त्याला भोला म्हणतात ते तिथल्या बेटावरून. ऑक्टोबर १९९९ चं ओडिशाचं महाचक्रीवादळ, जवळजवळ दहा हजार बळी, त्याला आजही नाव नाही. तिकडे ऑस्ट्रेलियात क्लेमेंट रॅग नावाच्या हवामानतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वादळांना माणसांची नावं द्यायला सुरुवात केली होती, त्यात न आवडणाऱ्या पुढाऱ्यांचीही. अमेरिकेने १९५३ पासून फक्त बायकांची नावं दिली, आणि बायकांनी त्याविरुद्ध आवाज उठवल्यावर १९७९ पासून अटलांटिकमध्ये पुरुषांचीही आली. त्या पंचवीस-सव्वीस वर्षांबद्दल मला एक बाई म्हणून वाईट वाटतं, दर वेळी घरं पाडणारी ती आणि मेलेले मोजणारा तो.

आपल्याकडे उशिरा सुरू झालं. २००० साली मस्कतच्या बैठकीत आठ देशांनी ठरवलं आणि पहिलं नाव पडलं २००४ च्या सप्टेंबरात, ओनिल. बांगलादेश, भारत, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, श्रीलंका, थायलंड, प्रत्येकाची आठ नावं, एकूण ६४. ती यादी २०२० च्या मेमध्ये अम्फानवर संपली. तोवर इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन आले होते, तेरा देशांची तेरा-तेरा, १६९ नावांची नवी यादी त्याच एप्रिलमध्ये निघाली होती. नाव लहान हवं, इंग्रजीत आठ अक्षरांच्या आत, उच्चारायला सोपं, कुठल्या धर्माला, पुढाऱ्याला, माणसांच्या गटाला लागेल असं नको. तरी चूक होते. २०१३ मध्ये श्रीलंकेने दिलेलं महासेन नाव तिथल्याच लोकांना लागलं, कारण महासेन त्यांचा जुना राजा, तळी बांधणारा, त्याचं नाव विध्वंसाला का, म्हणून ते वियारू केलं. भारताच्या नावांत तेज, व्योम, नीर, अंबुद, प्रभंजन, जलधि अशी आहेत. अमेरिकेत सहा वर्षांनी तीच यादी फिरून येते, फार वाईट वादळ असेल, कतरिनासारखं, तरच ते नाव कायमचं काढतात. आपल्याकडे एकदा वापरलं की संपलं. मामाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा या विषयावर काहीतरी बोलला. "म्हणजे परत निसर्ग नाही येणार?" नाही म्हटलं. "बरं झालं."

ही नावं आपल्यापर्यंत पोचतात ती इंग्रजी अक्षरांतून, आणि तिथे त्यांची फार मोडतोड होते. म्यानमारचं नाव आलं, आपण तौक्ते लिहिलं, मूळ अर्थ एक मोठ्याने ओरडणारी पाल. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय आलं आणि टीव्हीवर सगळे जॉय जॉय करत होते, तर तो बंगाली शब्द लिहिताना 'विपर्यय' आहे, आपल्या पोथीत, शब्दकोशातही असलेला, बंगालीत संकट अशा अर्थाने. सरळ बंगालीतून मराठीत आला असता तर माझ्या आईलाही ऐकताक्षणी कळलं असतं की हे काहीतरी उलटंपालटं करणारं आहे. त्याच आठवड्यात जुहूला समुद्रात गेलेली मुलं परत आली नाहीत. वादळ तेव्हा खूप दूर होतं, ते गेलं गुजरातेत जखाऊला.

आणि २०१९ ची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरची गंमत नव्हे, गोंधळ. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन वादळं होती, क्यार आणि महा. दोन एकदम असतील तर नाव किती गरजेचं असतं ते तेव्हा कळतं, नाहीतर खलाशाला काय सांगणार, ते पलीकडचं की अलीकडचं. पण मराठीत घोळ असा झाला की क्यार वाढत वाढत खरोखर महाचक्रीवादळ झालं होतं, २२० च्या वरचं, आणि महा नावाचं होतं ते 'महा चक्रीवादळ'. मध्ये एक जागा सोडली की एक, नाही सोडली की दुसरं. पेपरात ओळ तुटली की संपलंच. आईने त्या आठवड्यात तीनदा विचारलं की नक्की कुठलं मोठं. कोकणात भात कापून शेतात पडलेलं होतं, अवकाळी पावसात ते तिथेच उगवून आलं, आणि लोक बातमीतली ती एक मोकळी जागा वाचत बसले होते. मराठीत बातमी लिहिणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे मासे घेऊन येणारी मावशी वरळी कोळीवाड्यातली. तिला मी एकदा उत्साहाने नाव सांगायला गेले तर तिने टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाय, बावटा किती नंबरचा लागला ते सांग. नाव घेऊन मी काय करू?" तिच्यासाठी वादळाची वर्गवारी म्हणजे बावटा. बंदरावर एक ते अकरा नंबर असतात. एक आणि दोन लांबच्या वादळाचे, तीन आणि चार म्हणजे या बंदरालाच वाऱ्याचा धोका, पाच-सहा-सात धोक्याचे, आठ-नऊ-दहा महाधोक्याचे. दिवसा काळे शंकू आणि पिंपासारखे आकार वर चढवायचे, रात्री लाल-पांढरे दिवे. कलकत्त्याला १८६४ चं भयंकर वादळ झालं त्यानंतरच्या वर्षी तिथे ही पद्धत सुरू झाली, हवामान विभाग निघाला १८७५ ला, म्हणजे बावटा खात्यापेक्षा जुना. आपल्या पेपरात पावसाळ्यात नेहमी ओळ असते, बंदरावर तीन नंबरचा बावटा. मी लहानपणापासून वाचत होते आणि कधी विचार केला नव्हता की हे तीन कशातले तीन. अकरावा मात्र वाचून अंगावर काटा आला. अकरा म्हणजे वेधशाळेशी संपर्कच तुटला आहे आणि बंदरावरच्या माणसाला स्वतःला वाटतंय की काहीतरी वाईट येतंय.

मावशीचा दीर फयानमध्ये सापडला होता, नोव्हेंबर २००९. दिवाळी होऊन गेलेली, मासेमारीचा भर, होड्या लांब गेलेल्या. फयान जेमतेम चक्रीवादळ झालं, म्हणजे त्याला नाव पडलं, आणि ११ नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला लागलंसुद्धा. ज्याला नाव पडून एक दिवसही नीट झाला नाही त्याचं नाव भर दर्यात असलेल्या माणसाला कोण सांगणार. दीर तिसऱ्या दिवशी परत आला, एका हाताची बोटं दोराने सोलून निघालेली, बोलत नव्हता. त्याच्या ओळखीतले काही आलेच नाहीत. मावशी त्या वर्षाला फयानचं वर्ष म्हणते. म्हणजे नाव ती घेतेच. पण नंतर घेते.

मुंबईचं स्वतःचं मोठं वादळ कुठलं, असं कुणी विचारलं तर? १८८२ चं म्हणून एक सांगतात, एक लाख माणसं मेली म्हणे. बऱ्याच ठिकाणी छापलेलं आहे. पण संशोधकांनी त्या वेळच्या नोंदी तपासल्या तर असं वादळ झालंच नव्हतं. साल, आकडा, सगळं आहे आणि वादळ नाही. १९४८ च्या नोव्हेंबरातलं मात्र खरं होतं, आणि त्याला नाव नाही. तौक्तेचं १७ मे २०२१ मी स्वतः पाहिलं, ते आमच्या पश्चिमेकडून समुद्रातून वर गेलं आणि तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ११४ वर गेला, सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, मे महिन्यात. आमच्या दाराच्या फटीतून पाणी फवाऱ्यासारखं आत येत होतं, आई आणि मी जुन्या चादरी कोंबत होतो, आणि त्याच तासांत बॉम्बे हायजवळ पी-३०५ नावाचा बार्ज सुटून भरकटत होता, २६१ माणसं घेऊन. तो बुडाला. सत्तरपेक्षा जास्त माणसं परत आली नाहीत. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर मी माहीमच्या किनाऱ्यावर गेले तेव्हा हे कळलं नव्हतं.

पण मुंबईला विचाराल तर मुंबई वादळाचं नाव सांगत नाही, तारीख सांगते. २६ जुलै. २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, आणि कुलाब्याला त्याच दिवशी साधारण ७३. ते चक्रीवादळ नव्हतं, त्यात ६२ चा वारा नव्हता, त्यामुळे त्याला नाव मिळण्याचा प्रश्नच नव्हता. माझे बाबा त्या रात्री कलिनाच्या एका ऑफिसच्या जिन्यावर उभे राहून सकाळी चालत घरी आले, छातीपर्यंत चिखल, आणि हातात डबा होता, रिकामा डबा, तो त्यांनी सोडला नव्हता. शिडाच्या कापडाच्या पट्टीवर ही रात्र शून्य आहे.

आणि गुलाब. २०२१ च्या सप्टेंबरअखेर बंगालच्या उपसागरातून पाकिस्तानने दिलेलं गुलाब नाव घेऊन एक वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं. जमिनीवर आल्यावर वारा ६२ च्या खाली गेला, नाव गळून पडलं. तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यात ते आलं ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र म्हणून, आणि तिथे काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, नद्यांना पूर आले, माणसं गेली. मग तेच पुढे सरकत गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, पाणी मिळालं, परत जोर धरला, आणि त्याला दुसरं नाव मिळालं, कतारने दिलेलं शाहीन, ते घेऊन ते ओमानला गेलं. पूर्वेला एक नाव, पश्चिमेला एक नाव, आणि मधल्या आपल्या माणसांवरून ते गेलं तेव्हा बिननावाचं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलवर परभणीचा एक जण बसतो. त्याला मी विचारलं, तुमच्याकडे त्या पावसाला काय म्हणतात. तो म्हणाला, "काय म्हणणार, त्या साली पाणी आलं म्हणतात." नुकसानीच्या अर्जावर कारण लिहायला त्याच्या वडिलांनी अतिवृष्टी लिहिलं. एवढं लांबून आलेलं, दोन समुद्र ओलांडणारं ते, आणि त्यांच्या कागदावर अतिवृष्टी.

गेल्या काही वर्षांत म्हणून मी एक करते. अरबी समुद्रात काहीही हललं, नुसतं कमी दाबाचं क्षेत्र असलं, तरी मामाला फोन करते. २०२५ च्या मेमध्ये असंच झालं. व्हॉट्सअॅपवर चार-पाच दिवस आधीपासून शक्ती येतंय, शक्ती येतंय सुरू झालं, यादीतलं पुढचं नाव कुणीतरी बघून ठेवलेलं, आणि प्रत्यक्षात ते डिप्रेशनच्या वर गेलंच नाही. २४ मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनारा ओलांडून आत शिरलं, बिननावाचंच. दोन दिवसांनी मुंबईत मान्सून आला, इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नाही, आणि कुलाब्याचा मे महिन्याच्या पावसाचा शंभराहून जास्त वर्षांचा विक्रम मोडला. त्या २३ तारखेला रात्री मी मामाला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"मामा, समुद्रात आहे काहीतरी. रत्नागिरीच्या बाजूला."

"नाव पडलंय?"

"नाही. पडणार पण नाही बहुतेक."

थोडा वेळ काही नाही. मग लांबून त्याचा आवाज, मामीला सांगत होता की नव्या रोपांना काठ्या बांधून घेऊ, दोर पडवीत आहे. मग परत फोनवर आला. "तू जागी आहेस ना? दर दोन तासांनी सांग. आणि मुंबईला काय म्हणतंय ते पण सांग."